नवीन डेंटिस्टसाठी: 'असे पेशंट' कसे टाळावेत

डॉक्टर, नाशकात गंगापूर रोडला क्लिनिक टाकलंत, अभिनंदन! खुर्ची लाखांची, वेटिंगमध्ये माशांची टाकी, सगळं झकास. आता एखाद्या दिवशी एक आई आपल्या पस्तिशीच्या मुलाला हाताला धरून आणणार, तो दारातूनच मोठ्ठ्याने 'नमस्कार डॉक्टर' म्हणणार आणि शेजारची ब्रेसेसवाली मोबाईलमधून मान वर काढून बघणार. घाबरू नका. माझा दादाही बौद्धिक दिव्यांग, त्याला घेऊन चार क्लिनिकं फिरलोय, तिथे शिकलेल्या युक्त्या फुकट सांगतो.

पहिलं म्हणजे त्याच्याशी बोलायचंच नाही. तो गालावर बोट ठेवून 'इथे, इथे' म्हणत असला तरी विचारायचं आईलाच, "काकू, ह्याला नेमकं कुठे दुखतं?" काकू म्हणतील त्यालाच विचारा ना, त्याला कळतं. मग फक्त हसायचं आणि त्याला 'बाळ' म्हणायचं. बाळाला दाढी आहे, असू दे.

तोंड उघडायला जरा घाबरला की लगेच लिहायचं, अनकोऑपरेटिव्ह. आधी सांगा, मग दाखवा, मग करा, हातात आरसा द्या, ब्रश नखावर फिरवून दाखवा, हे सगळं कॉलेजात शिकवलं होतं खरं, पण ते परीक्षेपुरतं होतं हो, तेवढ्या वेळात दुसऱ्याचे दात साफ करून, म्हणजे एक स्केलिंग, उरकतं.

हिरड्या सुजल्या असतील तर आईलाच झापा, "नीट घासत नाही का?" फिटची गोळी चालू आहे का ते मात्र विचारू नका, फिटवरच्या फेनिटॉइनने हिरड्या वाढतात हे तुम्हाला माहितीये, पण विचारलं की हिस्ट्री आली, मग न्यूरोवाल्यांना फोन आला, कोण करत बसतं!

दाढ किडली तर बाकीच्यांना रूट कॅनल, वर झिर्कोनियाची कॅप, पाहिजे तर हप्ते. ह्याला? "काढूनच टाकू, त्याला काय फरक पडतो." पडतो हो डॉक्टर, दादाला मिसळीबरोबरचा पापड कडकडीत लागतो.

आणि तोंडावर 'नाही' कधीच म्हणायचं नाही. म्हणायचं, "पूर्ण भूल लागेल, मुंबईला न्या." म्हणजे त्यांनी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची आणि तुम्ही रेफर केल्याचं समाधान मिळवायचं. काहींना भूल खरंच लागते, वाद नाही, पण तोंडात न बघताच ते कसं कळतं ही विद्या मला शिकायचीये. नाहीतर सरळ सांगा, सिंहस्थाची गर्दी संपू द्या, मग बघू.

कोणी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा काढलाच, कलम 25, खासगी दवाखान्यातसुद्धा अडथळ्याशिवाय जाता आलं पाहिजे वगैरे, तर हो हो म्हणा. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. कायदा वर येईपर्यंत तुमची ओपीडी संपलेली असते.

फक्त सिडकोतल्या एका मॅडमसारखं काही करू नका. त्या दादाला म्हणाल्या, "आधी तू माझे दात मोज." त्याने मोजले, अठ्ठावीस भरले, तर म्हणाल्या अक्कलदाढा काढल्यात माझ्या, आता तुझे मोजू? आणि हा आपणहून खुर्चीत आडवा! दोन खेपांत दाढ वाचली. आता दर सहा महिन्यांनी जायचं म्हणून हा आदल्या रात्रीच शर्ट काढून ठेवतो आणि वेटिंगमधल्या एकेकाला नमस्कार घालतो.

बघा बुवा, तुमचे मासे घाबरायचे.