बत्तीस सेकंदांची अक्कल

पोटात दोन टीबीची हार्ड डिस्क घेऊन बसलेल्या यंत्राने 'मेमरी अपुरी आहे' म्हणावं, याला मी तरी उद्धटपणाच म्हणेन. आमच्या डीव्हीआरने तो अगदी गरीब चेहऱ्याने केला. पडद्याच्या मधोमध राखाडी चौकोन, त्यात हे एवढंच वाक्य आणि खाली एकच बटण, 'ओके'. 'हे मला मान्य नाही' असं बटण या लोकांनी अजून काढलेलं नाही.

ज्यांच्या घरी हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी सांगतो. सीसीटीव्हीचे कॅमेरे नुसते बघतात, लक्षात ठेवायचं काम या काळ्या डब्याचं. जाड कोॲक्सियल वायरचे कॅमेरे असतील तर तो डीव्हीआर, नेटवर्क केबलचे असतील तर एनव्हीआर. दुखणी दोघांची सारखीच. डबा चोवीस तास चालू, त्याचा पंखा चोवीस तास घुंघुं करणार, आणि चोर येईपर्यंत त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. अपवाद आमच्या आईचा. तिच्या लेखी जगात चोर एकच, शेजारच्यांचा बोका. तो आमच्या स्कूटरच्या सीटला नखं घासतो. आईने मोबाईलमध्ये कॅमेऱ्याचं ॲप घेतलं ते निव्वळ त्याच्या पाळतीवर राहण्यासाठी.

त्या ॲपनेच एके सकाळी चित्र दाखवायचं नाकारलं. 'डिव्हाइसचं फर्मवेअर जुनं आहे, अपडेट करा.' मी कानाडोळा करणार होतो.

"बोका दिसत नाहीये," आई म्हणाली.

"अगं, तो अपडेट मागतोय."

"बोका?"

"डबा."

"मग देऊन टाक ना. एवढं एकच तर मागतोय."

एकच मागतोय! आधी त्याचं मॉडेल कोणतं ते कळायला हवं. ते डब्याच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर असतं आणि डबा उलटा करायला मागच्या वायरी कधीच पुरत नाहीत. म्हणून मान वाकडी, मोबाईलचा टॉर्च तोंडात, अशा अवस्थेत तो नंबर वाचायचा. नंबर कसला, मालगाडीच आहे. अक्षरं, आकडे, आडवी रेघ, पुन्हा अक्षर, तिरपी रेघ आणि शेवटी कंसात एक बी. या कंसातल्या बीला किरकोळ समजू नये. बाकी सगळी गाडी जुळली आणि कंसातलं अक्षर चुकलं, तर आतला बोर्ड वेगळा असतो, आणि भलत्या बोर्डाची फाइल चढवली की डबा कायमचा आडवा होतो. कंपनीच्या पानावर अशा सख्ख्या-चुलत मॉडेलांची ही भली मोठी यादी होती. आमच्या फाइलीपुढे नव्या आवृत्तीत काय बदललं तेही दिलं होतं. 'काही त्रुटी दूर केल्या. स्थिरता वाढवली.' कोणत्या त्रुटी, हे गुलदस्त्यात. खाली बारीक अक्षरात, 'जुन्या आवृत्तीवर परत जाता येणार नाही.' ही धमकी मात्र स्वच्छ शब्दांत.

आधी लॅपटॉपच्या ब्राउझरमधून प्रयत्न केला. डब्याच्या पानाला इंटरनेट एक्स्प्लोररच हवा होता. तो मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निवृत्त केला ही बातमी डब्यापर्यंत पोचलेली नव्हती. मग पेनड्राइव्ह. माझ्या ६४ जीबीच्या नव्या पेनड्राइव्हला त्याने ओळखसुद्धा दाखवली नाही, कारण तो एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आणि साहेबांना जुनं फॅट३२ लागतं. खणाच्या तळातून एक म्हातारा चार जीबीचा निघाला, तो चालला. त्यानंतर पासवर्ड. कीबोर्ड नसल्यामुळे पडद्यावर उमटलेल्या अक्षरांवर माउस नेऊन एकेक टिपायचं. आकड्यांचं पान वेगळं, चिन्हांचं वेगळं, आणि टिपलेल्या अक्षराच्या जागी लगेच ठिपका. आपण काय टिपलं ते डबा आपल्यालाही कळू देत नाही. सुरक्षा म्हणतात ती हीच.

एवढ्या नाकदुऱ्या काढल्यावर तो वरचा राखाडी चौकोन आला.

कॅमेरे बसवून देणाऱ्या मुलाला फोन लावला.

"सर, बंद करून चालू केला का?"

"केला."

"मग सर, त्याची मेमरी कमी पडतेय."

"अरे, दोन टीबीची डिस्क तूच बसवलीस ना?"

"ती वेगळी सर."

आणि मग त्याने जे सांगितलं त्याने माझा या यंत्राकडे बघण्याचा दृष्टिकोनच बदलला. डब्याला तीन मेमऱ्या असतात. हार्ड डिस्क हा त्याचा माळा. तिथे रेकॉर्डिंग रचून ठेवायचं, माळा भरला की सर्वांत जुनं फेकून त्याच्या जागी नवं. दुसरी रॅम, म्हणजे या क्षणी जे चाललंय तेवढं सांभाळणारी, वीज गेली की कोरी. आणि तिसरी फ्लॅश, बोर्डावरची नखाएवढी चिप. डब्याची सगळी अक्कल, म्हणजे फर्मवेअर, तिच्यात. माळा कितीही मोठा असो, अक्कल तिथे ठेवायची सोय नाही. स्वस्तातल्या डब्यांत ही चिप बऱ्याचदा १६ एमबीची असते. आमच्यातही तेवढीच.

मी फोन ठेवून कागद-पेन्सिल घेतली. एका कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सेकंदाला चार मेगाबिट, म्हणजे अर्धा एमबी, होतं असं धरा. तासाला १.८ जीबी, दिवसाला ४३ जीबीच्या वर. चार कॅमेऱ्यांचे मिळून १७३ जीबी. दोन टीबी साधारण साडेअकरा दिवसांत भरतात. (डब्याला एच.२६५, म्हणजे चित्र दाबून लहान करायचा नवा साचा, येत असेल तर जवळपास दुप्पट पुरतात. आमच्या डब्याला एच.२६४ पर्यंतच येतं. तो साचा २००३ चा.) म्हणजे बोक्याची साडेअकरा दिवसांची कारकीर्द आमच्याकडे अखंड जतन असते. आता फ्लॅशचा हिशोब. १६ एमबी म्हणजे १२८ मेगाबिट, भागिले चार, ३२ सेकंद. फाटकावरच्या एका कॅमेऱ्याने हलत्या पानांकडे ३२ सेकंद बघितलं, तर जेवढी जागा लागते तेवढ्यात या डब्याचं अख्खं शहाणपण मावतं. चित्र कसं दाखवायचं, माणूस आणि झाड यांत फरक कसा करायचा, पासवर्ड चुकला तर किती वेळ रुसून बसायचं, सगळं. हे कळल्यावर माझा राग थोडा निवळला. ३२ सेकंदांच्या अकलेत तो चार कॅमेरे सांभाळतो. मोठ्या अकलेची माणसं याहून कमी कामं करताना मी रोज बघतो.

घोडं प्रत्यक्षात अडलं होतं ते रॅमपाशी. नवी फाइल आधी रॅममध्ये घ्यायची, तिथे ती उलगडायची, तपासायची आणि मग फ्लॅशवर लिहायची. पण आमच्या १२८ एमबीच्या रॅममध्ये चार कॅमेऱ्यांची चित्रं आधीच पाय पसरून बसलेली. तेव्हा इलाज असा की कॅमेऱ्यांच्या वायरी काढा, हार्ड डिस्कची केबल काढा, डबा बंद करून चालू करा आणि त्याला दुसरं काही सुचायच्या आत अपडेट उरकून घ्या.

'बंद करून चालू करा' या सल्ल्याला मी आयुष्यभर हसत आलो, पण त्याचाही एक मानाचा प्रसंग आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असेच डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. युक्ती अगदी बाळबोध होती. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोक बदलत नाहीत, म्हणून त्याच्याकडे नाव-पासवर्डाच्या अशा साठेक जोड्यांची यादी होती आणि तो दारोदार त्याच लावून बघायचा. २१ ऑक्टोबर २०१६ ला या फौजेने साइट्सच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला चढवला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अनेकांना काही तास उघडेनात. मिराई राहायचा फक्त रॅममध्ये. डबा बंद केला की मेला. पासवर्ड तोच ठेवला तर चालू केल्यावर काही मिनिटांत पुन्हा हजर, ही गोष्ट निराळी.

तर अपडेट सुरू झालं. पडद्यावर पट्टी, खाली 'वीज बंद करू नका'. हे वाक्य वाचल्यापासून घरातला प्रत्येक दिवा मला लुकलुकताना दिसायला लागला. अशा छोट्या चिपमध्ये जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवायला जागाच नसते. आधी जुनं पुसायचं, मग नवं लिहायचं. मधल्या काळात डब्याला स्वतःचं नावही ठाऊक नसतं. त्याच वेळी वीज गेली तर उरतो पंखा असलेला पत्र्याचा तुकडा. मी मिक्सरला, इस्त्रीला, पाण्याच्या पंपाला बंदी घातली. पट्टी चौतीस टक्क्यांवर थांबली आणि थांबूनच राहिली. आई चष्मा लावून शेजारी उभी.

"हलत नाहीये रे."

"तू बोलू नकोस."

"माझ्या बोलण्याने वीज जाते का?"

पट्टी एकदम शंभरावर गेली, डब्याने एक लांब बीप दिली आणि चित्र आलं. सगळ्या सेटिंगा कारखान्यातल्यासारख्या कोऱ्या. घड्याळ बीजिंगच्या वेळेवर, त्यामुळे आमच्याकडची भर दुपार डब्याच्या लेखी दुसराच कुठला तरी प्रहर. हालचालीची सूचनाही आपोआप चालू झालेली. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांपाशी एका कोळ्याने जाळं विणायला घेतलं आणि लेन्सच्या इतक्या जवळून तो पडद्यावर घोड्याएवढा दिसत होता. पहाटेपर्यंत आईच्या मोबाईलवर 'हालचाल आढळली' एवढंच वाजत राहिलं. तिने सकाळी मला कोळ्याची प्रगती तपशीलवार सांगितली.

सगळं बस्तान बसल्यावर त्या मुलाला कळवायला फोन केला. त्याने अभिनंदन केलं आणि घसा खाकरला.

"सर, एक वाईट बातमी आहे. तुमच्या बोर्डासाठी हे शेवटचं फर्मवेअर. नवीन फीचर आता त्या चिपमध्ये मावत नाहीत, म्हणून कंपनीने सपोर्ट बंद केला."

इतकी आनंदाची बातमी इतक्या पडेल आवाजात मी प्रथमच ऐकली. म्हणजे यापुढे पेनड्राइव्ह नाही, टॉर्च नाही, कंसातला बी नाही?

"काहीच नाही सर. फक्त आता सुरक्षेच्या त्रुटी सापडल्या तर त्या कोणी बुजवणार नाही. त्यामुळे नेटची केबल काढून ठेवलेली बरी. घरातल्या टीव्हीवर दिसेल की."

"आणि मोबाईलवर?"

"मोबाईलला नेट लागतं ना सर."

केबल काढली. बोका आता टीव्हीवर दिसतो, आधीपेक्षा मोठा, आणि मालिकेच्या वेळात आई त्याला अभय देते. ॲप मी तिच्या मोबाईलमधून काढलेलं नाही. उघडलं की ते 'डिव्हाइस ऑफलाइन' म्हणतं, आणि परवा त्याने स्वतःसाठी अपडेट मागितलं तेव्हा तिथे 'नंतर' असं बटण होतं.