खाकीचा सिनेमा पाहिलात? आता मत द्या!

पोलिस खात्यातल्या भ्रष्टाचारावरचा आणखी एक मारधाडपट नाशकात लागला आहे. नाव लिहीत नाही, त्याने काही बिघडत नाही. एक तडफदार निरीक्षक, एक हप्तेखोर वरिष्ठ, पांढऱ्या कपड्यांतला मंत्री आणि शेवटी रिकाम्या पिंपांनी भरलेलं गोदाम एवढं डोळ्यांपुढे आणलंत की सिनेमा कळला. प्रश्न सिनेमाचा नाहीच. तो पाहून आल्यावर तुम्ही मत काय देणार, हा आहे. मत न देता थिएटरबाहेर पडलेला नाशिककर अजून कुणाच्या पाहण्यात नाही.

हा आपला वडिलोपार्जित हक्क आहे. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. १९१३ मध्ये त्यांनी आपला पहिला चित्रपट लोकांना दाखवला आणि पुढे फिल्म कंपनी काढली तीही नाशकात. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे आणि तिथे आपण सहलीला जाऊन डबा खाल्लेला आहे. सिनेमावर बोलायला एवढा अधिकार पुरे. फाळक्यांचा पहिला नायक दिलेल्या शब्दापायी राज्य सोडणारा राजा होता. आताचा नायक दिलेल्या शब्दापायी माणसाला तिसऱ्या मजल्यावरून सोडतो. शंभर वर्षांत आपण बरीच मजल मारली म्हणायची.

पहिली गोष्ट, मत सिनेमा बघून बनवायचं नसतं. ते ट्रेलर बघून बनवायचं आणि सोबत घेऊन थिएटरात जायचं. सिनेमाला त्या मतात ढवळाढवळ करू द्यायची नाही.

जाताना घरातून उशिरा निघा. शोला दहा मिनिटं उरलेली असताना उंटवाडीचा सिग्नल लाल असेल, तो तोडा. पुढे हवालदार अडवेल. हेल्मेट डिकीत, पीयूसी कधीचीच संपलेली. अशा वेळी गाडीवरून न उतरता, आवाज अर्धा करून म्हणायचं, ‘साहेब, फॅमिली आहे बरोबर, काहीतरी करून टाका ना.’ हे ‘काहीतरी’ आधी कुणी उच्चारलं, ते पुढे मत देताना आठवायचं नाही. पडद्यावर होतो तो भ्रष्टाचार, सिग्नलवर होते ती चिरीमिरी. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि लाच देणाराही गुन्हेगार ठरला, त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत तक्रार करून सुटता येतं. पण तुमच्यावर जबरदस्ती कुणी केली? हिरोची एंट्री चुकू नये म्हणून तुम्हीच तर खिशात हात घातला. आणि हवालदार सरळमार्गी निघाला, त्याने मशीनवर ई-चलन केलं, तर मात्र ‘लुटायला बसलेत’ म्हणायचं. ते चलन भरायचं नाही. लोकअदालत लागेल तेव्हा तडजोड होते.

नाशिककराला हे शिकवायची गरज नाही म्हणा. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून शहरात ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ सुरू झालं, तेव्हा रांगेत मागच्याचं हेल्मेट मागून पेट्रोल भरणारे आपणच. त्या दिवसांत पंपावर जेवढा बंधुभाव दिसला तेवढा कुंभमेळ्यातही दिसत नाही.

आता आत बसलात. पहिल्या पंधरा मिनिटांत शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणायचं, ‘एकदम रिअलिस्टिक आहे रे.’ ठाण्यातला बल्ब पिवळा असला, भिंतीला ओल असली आणि पीआयच्या टेबलावर अर्धा कप चहा असला की सिनेमा रिअलिस्टिक होतो. खांद्यावरचे तारे मोजायच्या भानगडीत पडू नका. पोलिस निरीक्षकाला तीन तारे आणि त्याखाली लाल-निळी फीत. फीत नसेल तर तो साहेब निरीक्षक नाही, त्याच्या वरचा आहे. आपल्या सिनेमातला हिरो मध्यंतरापर्यंत फितीसह आणि नंतर फितीशिवाय वावरतो. मधल्या गाण्यात बढती झाली असावी. कुणी हे बोलून दाखवलंच तर सांगायचं, ‘मी रोज त्र्यंबक रोडने जातो.’ महाराष्ट्र पोलिस अकादमी त्याच रस्त्याला आहे, राज्यातले फौजदार तिथेच घडतात, आणि तिच्या फाटकावरून जाता-जाता पोलिसी कामाचं निम्मं ज्ञान अंगात भिनतं हे आपल्याकडे सर्वमान्य आहे.

संगीत, नायिका आणि विनोदी हवालदार यांवर एकेक वाक्य पुरे. नायिकेवर तेवढंही नको, दिग्दर्शकानेही दिलेलं नाही.

खरं कौशल्य लागतं ते सापळ्याच्या प्रसंगाला. लेखकाला इथे कुठून तरी बुद्धी झाली आहे आणि त्याने लाचलुचपत विभागाची कारवाई जशी असते तशी दाखवली आहे. एक साधा माणूस जमिनीच्या भांडणात गुन्ह्यातून नाव काढण्यासाठी मागितलेली रक्कम घेऊन येतो. त्याची तक्रार घेतात. लगेच धाड पडत नाही. आधी मागणीची पडताळणी होते, रेकॉर्डर लावून, पंचासमोर. पंच म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी सरकारी कार्यालयातले दोघे, जे सकाळी डबा घेऊन निघाले होते आणि आता इथे अडकले आहेत. नोटांचे नंबर लिहून घेतात. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावतात. तक्रारदाराला बजावतात की हस्तांदोलन करायचं नाही, मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत, दिल्यावर पथकाला इशारा म्हणून डोक्यावरून हात फिरवायचा. मग तो जातो, साहेब पैसे ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगतात की हातात घेतात यावर सगळं लोंबकळतं, आणि शेवटी सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात साहेबांची बोटं बुडवल्यावर त्या पावडरीमुळे पाणी गुलाबी होतं. कुणी ओरडत नाही. पाणी बाटलीत भरून सील करतात.

या प्रसंगाला तुम्ही पॉपकॉर्न आणायला उठायचं. अंधारात चार जणांच्या पायांवर पाय देत परत आल्यावर विचारायचं, ‘काय झालं रे मधे?’ आणि ‘काही नाही, कागद-बिगद’ असं उत्तर मिळालं की समाधानाने बसायचं. बाहेर आल्यावर या भागाचा उल्लेख ‘फर्स्ट हाफ जरा रेंगाळलाय’ असा करायचा. त्यानंतरची दोन मिनिटं तर आणखी वाईट आहेत. खटला चालवायला वरिष्ठांची मंजुरी लागते, ती फाइल फिरते, तक्रारदार तारखांना जातो, एक पंच निवृत्त होतो, दुसऱ्याला नीट आठवत नाही. थिएटरात या वेळी मोबाइलचे एवढे पडदे उजळतात की टॉर्च लागत नाही. हे कापायला हवं होतं असं ठामपणे सांगा. त्याच साहेबाला हिरो पाय धरून गच्चीवरून उलटा लटकवतो तेव्हा शिट्टी वाजवा आणि म्हणा, ‘इंटरव्हलनंतर सिनेमा पकड घेतो.’

लाचलुचपत विभागाचं परिक्षेत्र कार्यालय आपल्याच शहरात आहे. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार एवढा मुलूख त्याच्याकडे. १०६४ हा टोल फ्री नंबर सरकारी कार्यालयांच्या भिंतीवर तुम्ही पाहिलाही असेल, साधारण त्याच खोलीत जिथे तुम्ही एजंटाची वाट बघत बसला होतात.

बदलीच्या प्रसंगाबद्दल मात्र बोलायला हरकत नाही. हिरोची गडचिरोलीला बदली होते आणि मंत्री हसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगून ठेवलं आहे की ठाणेदाराला किमान दोन वर्षं जागेवरून हलवू नका, बदल्यांसाठी मंडळ नेमा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमा. मलईदार खुर्चीसाठी जो मोजतो तो आधी मोजलेलं वसूल करतो, मग पुढचं जमवतो, हे खात्यातला कुणीही चहा पिता-पिता सांगेल. पण यात फाइट नाही. म्हणून ‘सिस्टीमच खराब आहे’ एवढं म्हणून पुढे सरका. ‘सिस्टीम’ म्हटलं की कुणाचंही नाव येत नाही. आपलंही नाही.

मिसळीच्या टेबलावर एक धोका असतो, नाशिकरोडचे काका. प्रेसमधून निवृत्त झालेले, पापड चुरत ते म्हणतील, ‘तुम्ही सिनेमे कसले बघता, तेलगीला यंत्रं कुठून मिळाली माहितीय?’ नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निकामी म्हणून काढलेली यंत्रं त्याने मिळवली, बनावट मुद्रांक देशभर विकले, काही पोलिस अधिकाऱ्यांनाही त्या प्रकरणात अटक झाली, २००७ मध्ये त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. काकांना तिथेच थांबवा. त्यांच्या गोष्टीत भंगाराची कागदपत्रं आहेत, शिक्के आहेत, सह्या आहेत, पाठलाग एकही नाही. काकांना आणखी एक रस्सा मागवा आणि विषय साऊथच्या रिमेककडे वळवा.

शेवटच्या एन्काउंटरवरचं मत आधीच पाठ असलेलं बरं: ‘अशांना गोळ्याच घालायला पाहिजेत.’ हे म्हणताना टेबलावर हात आपटायचा, तर्री सांडली तरी चालेल. गेल्या वर्षी तुमचा मोबाइल रविवार कारंजावर खिशातून मारला, तेव्हा ठाण्यात ‘चोरी कशाला लिहिता, गहाळ लिहा, लगेच नोंद मिळेल’ असं सांगून तुम्हाला बाहेर काढलं होतं. मोबाइल चोरीला गेला की पडला एवढं ज्या खात्याकडून तुम्हाला खरं लिहून मिळालं नाही, ते खातं गोळी मात्र अचूक माणसालाच घालेल, यावर तुमची श्रद्धा असली पाहिजे. ती नसेल तर क्लायमॅक्सची मजा येत नाही.

एखादा वकील मित्र मध्ये तोंड घालेल. महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सोळा सूचना दिल्या, चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकारी चौकशी करायची आणि लगेच शौर्यपदक किंवा बढती द्यायची नाही, असं तो सांगेल. आपल्या हिरोला तर धूर विरायच्या आत पदक मिळतं, पाठीमागे तिरंगा, समोर आई. वकील मित्राला एवढंच विचारा, ‘तुला सिनेमा आवडला की नाही?’

मुलांना न्यावं का, असं काही पालक विचारतात. सेन्सॉरने यूए १६+ दिलंय, म्हणजे सोळाच्या आतल्या मुलांना न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. चौथीतल्याला घेऊन जा. रक्त उडेल तेव्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवा, बोटं थोडी फाकवून. मग घरी येऊन सोसायटीच्या ग्रुपवर लिहा की अशा सिनेमांनी पिढी बिघडते आहे.

तिकिटाचे पैसे जड वाटत असतील तर मोबाइल आहेच. २०२५ च्या ऑक्टोबरात आपल्या पोलिसांनी गुंडांना आणि त्यांच्या राजकीय आश्रयदात्यांना कॅमेऱ्यापुढे उभं केलं आणि ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणायला लावलं. गाव खूश झालं. आपणही ते रील झोपण्यापूर्वी दोनदा बघितलं आणि मामांना, साडूंना, दुबईच्या भाच्याला पाठवलं. आरोपपत्र कुठवर आलं, ते कोर्टात टिकेल का, असलं कुणी विचारलं नाही. विचारायचं नसतं, रील तीस सेकंदांचं असतं. फक्त हात जोडून उभ्या असलेल्यांत आपला पुतण्या दिसला तर मत तातडीने बदलायचं. अशा वेळी मानवाधिकार आयोग मुंबईत असतो हे लक्षात ठेवा आणि ‘पोरगं तसं नाही हो, संगत वाईट’ या वाक्याची तयारी ठेवा.

पुतण्यावरून आठवलं. शनिवारी रात्री गंगापूर रोडला नाकाबंदी असते. सिनेमा बघून, मग थोडं ‘बसून’ घरी निघालेला पुतण्या त्या नळीत फुंकायला नकार देईल आणि तुम्हाला फोन करेल. घाबरू नका. तुम्ही भाऊंना फोन करा, भाऊ साहेबांना करतील. साहेबांनी ऐकलं तर साहेब देवमाणूस. नाही ऐकलं तर ‘याला वरून पैसे खायचे असतील’. ठाण्याबाहेर ताटकळत उभं राहण्यात तासभर जाईल, तेवढ्यात मोबाइलवर सिनेमाचं मत लिहून टाका. भ्रष्ट यंत्रणेच्या कानाखाली जाळ काढणारा सिनेमा, पाचपैकी पाच तारे, प्रत्येक नागरिकाने सहकुटुंब बघावा. रविवारी हाऊसफुल्ल असेल तर कळवा, तिकीट खिडकीवर आपला एक माणूस आहे.