प्रीलोड आवळून स्प्रिंग कडक होत नाही

‘मागचं सस्पेन्शन मऊ वाटलं की प्रीलोड आवळा’ हा बाइकवरच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. प्रीलोडने, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवण्याने, तिचा कडकपणा बदलत नाही, गाडीची मागची उंची बदलते. साधारण 300 मिमी ट्रॅव्हलच्या (म्हणजे चाक तेवढं वर-खाली होणाऱ्या) मोठ्या डर्ट बाइकवर, हेल्मेट-बुटांसकट बसल्यावर मागचा भाग 100 मिमीच्या आसपास दबायला हवा. प्रीलोड कमी-जास्त करून तेवढं जमलं की खाली उतरा आणि गाडी नुसत्या स्वतःच्या वजनाने किती बसते ते मोजा. 30-40 मिमी असेल तर ठीक. त्याहून बरंच कमी भरलं, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे! ऐकायला उलटं वाटतं, पण मऊ स्प्रिंगवर ते 100 मिमी गाठायलाच प्रीलोड नको तितका आवळावा लागतो, आणि मग नुसत्या स्वतःच्या वजनाने गाडी जेमतेम दबते. अशा वेळी स्प्रिंगच बदलायची.

मोजायला टेप आणि एक मित्र पुरतो. आपली मंडळी मात्र आधी सायलेन्सर बदलतात.