या एकदा चहाला

लोणच्याच्या बरण्या काढायला माळ्यावर चढले, तर मागे 'द हॉबिट' सापडलं. 2019 च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरातली खालची सगळी पुस्तकं लगदा झाली. हे वर होतं म्हणून वाचलं. पानांना हिंगाचा वास मात्र कायमचा लागलाय.

नववीत मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचलं होतं. तेव्हा तेरा बुटक्यांबरोबर ड्रॅगनच्या डोंगराकडे निघायची माझी पूर्ण तयारी होती. यंदा कैऱ्या मुरायच्या आत पुन्हा वाचलं आणि पहिल्याच प्रकरणात माझं बीपी वाढलं.

इंग्रजी लेखक टॉल्कीनचं हे पुस्तक 1937 साली आलं. त्यातला नायक बिल्बो माझ्यासारखाच पन्नाशीचा. दारात निवांत चिलीम ओढत उभा असताना गॅन्डाल्फ नावाचा जादूगार येतो आणि धाडसाच्या गोष्टी काढतो. त्याला कटवायला बिल्बो म्हणतो, "या ना चहाला. उद्याच या!" आता, 'या एकदा चहाला' म्हणजे 'निघा आता' हे सांगलीत शेंबड्या पोरालाही कळतं. या एवढ्या मोठ्या जादूगाराला कळू नये? (कळतंय त्याला. मुद्दाम करतो.) शिवाय जाताना बिल्बोच्या हिरव्या दारावर काठीच्या टोकाने खूण ओरखडून जातो.

दुसऱ्या दिवशी बेल. एक बुटका. मग आणखी एक. मग दोन. मग पाच. मग चार, आणि सोबत जादूगार. नववीत मी प्रत्येक बेलला हसले होते. आता प्रत्येक बेलला दूध मोजत होते. एकाला केक, एकाला कॉफी, एकाला रास्पबेरीचा जॅम, मग अंडी, कोंबडी, लोणचं. आमच्याकडे गणपतीत सासरची मंडळी मिरजेला उतरून फोन करतात, "काही करू नकोस गं, भडंग चालेल." भडंगावर आजवर एकाचंही भागलेलं नाही.

जेवणं झाल्यावर हे बुटके भांडी घासतात. बशा फोडू, सुऱ्या बोथट करू, असं गाणं म्हणत घासतात आणि एक कपही फोडत नाहीत. ड्रॅगन मी मान्य केला होता. पाहुणे भांडी घासतात म्हटल्यावर मात्र पुस्तक मिटून ठेवलं.

लेखक लवकरच भानावर येतो म्हणा. झोपायच्या आधी बुटक्यांचा म्होरक्या थोरीन सकाळची ऑर्डर देतो: सहा अंडी, तळलेली, फोडायची नाहीत. 'कृपया' वगैरे नाही. सकाळी सगळे पसार, ओट्यावर खरकट्याचा डोंगर, आणि घड्याळाखाली बिल्बोला चिठ्ठी: ड्रॅगनकडचा खजिना मिळवायला बरोबर चल, नफा झालाच तर चौदावा हिस्सा, प्रवासखर्च, वेळ आलीच तर अंत्यविधीचाही खर्च. ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांची उभी नोकरी पतसंस्थेत गेली. म्हणाले, "ते ठीक आहे, पण काल रात्रीच्या जेवणाचं कुठाय यात?"

पुढे ट्रोल, गुहा, कोळी वगैरे आहेत. पिंपांवरून नदीतून वाहत जायचा प्रसंग पूर्वी फार आवडायचा. आता सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 45 फुटांच्या धोक्याच्या पातळीपलीकडे पाणी गेलेलं बघितल्यावर तेवढी पानं उलटलीच.

शेवटी बिल्बो घरी परततो, तर तो मेला असं धरून त्याच्या सामानाचा लिलाव चाललेला. स्वतःच्याच खुर्च्या पैसे देऊन सोडवतो. चांदीचे बरेच चमचे मात्र कधीच परत मिळत नाहीत. इथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांपूर्वी चिवडा भरून दिलेला माझा पितळी डबा आठवला, घट्ट झाकणाचा, आईकडचा.

"आक्काकडेच आहे की तो," हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "कालच फोनवर म्हटलं तिला, घेऊन ये सावकाश. ये एकदा चहाला."