केळीचा मान केळीला, पण शहराचं झाड निंबच

भाऊ, जळगाव शहराचं मानचिन्ह म्हणून एखादं झाड निवडायचं झालं तर कडुनिंब निवडावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही रावेरहून लिहिता, ‘अख्खा जिल्हा केळीवर जगतो आणि तुम्हाला निंब सुचतो? कॅनडाने मेपल घेतला, लेबनॉनने देवदाराच्या जातीचा सीडर, ते काय खुळे होते? शिवाय निंब तर आंध्रने आधीच घेतलाय. शहरात राहून शेतकऱ्याला विसरलात.’

शेवटचं वाक्य सोडून देतो. बाकीच्याचं उत्तर देणं भाग आहे.

रावेर-यावल-चोपड्याचा पैसा केळीचा आणि तोच जळगावात सराफापासून ट्रॅक्टरच्या शोरूमपर्यंत फिरतो, हे कोण नाकारतंय? २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ते मालाला असतं, बाजारात भाव यावा म्हणून. शहराचं चिन्ह वेगळं. केळीचा स्वभाव बघा ना : निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, आणि तो उतरला, की खोड कापायचं आणि पील, म्हणजे बुडाशी फुटलेला कोंब, धरायचं, नाहीतर नवी रोपं लावायची. वनस्पतीशास्त्रात तर तिला झाडही म्हणत नाहीत. कापण्यासाठीच लावलेली, बांधाच्या आतली, कुणाच्या तरी सातबाऱ्यावरची. त्यात वावगं काहीच नाही, शेती अशीच चालते.

निंब मात्र रस्त्याच्या कडेचा, म्हणजे कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतो आणि पारा पंचेचाळिशीकडे निघाला की ऐन वेळी नव्या पालवीने भरून येतो. खाली रिक्षावाले टेकलेले, रसवंतीचं चरक चाललेलं, बारीक पांढरा फुलोरा चपलांना चिकटतोय. पाडव्याला गुळाबरोबर पाला त्याचाच, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणींचा झोका त्याच्याच फांदीला. सावली हे आपल्याकडे पाण्याइतकंच गरजेचं, आणि ती फुकट देणारा हाच.

आता कॅनडा. त्यांनी मेपलचं पान १९६५ साली झेंड्यावर घेतलं ते मेपलच्या रसापासून होणाऱ्या पाकाच्या धंद्याचा हिशेब करून नव्हे. पहिल्या महायुद्धात त्यांच्या सैनिकांच्या बिल्ल्यांवर ते पान होतं, ती ओळख जुनी. लेबनॉनचं उदाहरण तर तुमच्याच विरुद्ध जातं. सीडर तोडतोडून मोजक्याच राया उरल्या आणि तरीही, किंवा म्हणूनच म्हणा, १९४३ च्या झेंड्यावर तो मधोमध आहे.

आपल्याकडे महामार्ग चौपदरी होताना कडेचे जुने निंब गेले, तेव्हा चार दिवस हळहळ झाली आणि संपलं. राज्यात शहरी झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं. पण कायद्याची आठवण करून द्यायला कुणी उभं तर राहायला हवं! शहराने एखादं झाड आपलं मानलं असेल, तर नगरसेवकाला जाब विचारताना तेवढाच आधार. केळीची बाग राखायला शेतकरी असतो, रस्त्याकडेच्या निंबाला कुणी नसतं.

राहिलं आंध्र. घेऊ द्या की. आंबा आपला राज्यवृक्ष आहे आणि २०१० पासून बांगलादेशाचा राष्ट्रीय वृक्षही आहे. देवगडात कुणाच्या पोटात दुखल्याचं ऐकलंय का तुम्ही?