हॉस्पिटल ‘ग्रीन’ कसं करावं: काही अनुभवी सल्ले

मागच्या आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी आठला आत, दुपारी एकला घरी. तिला स्वच्छ दिसायला लागलं, बिल बघून माझे डोळे पांढरे झाले. तर तुम्हालाही पर्यावरणप्रेमी हॉस्पिटल काढायचं असेल, तर मी तिथे जे शिकले ते फुकटात देते.

पहिलं म्हणजे लॉबीत भिंतभर प्लॅस्टिकचं गवत लावा. एसी असा ठेवा की भर मे महिन्यात नातेवाइकांनी शाली मागवल्या पाहिजेत.

बाहेरचे रिपोर्ट मानू नका. आठ दिवसांपूर्वीची शुगर शिळी असते.

किट मात्र द्याच, त्याशिवाय हॉस्पिटल नाही. पाच तासांच्या पेशंटला बेडपॅन, युरिन पॉट, मग, साबण, कंगवा, थर्मामीटर, टूथब्रश (आईची कवळी आहे, तीही ऑपरेशनआधी काढून माझ्या पर्समध्ये ठेवायला लावलेली), प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, त्या सगळ्या पिशव्या एका मोठ्या झिपच्या बॅगेत, आणि मी म्हटलं ताई हे नको, परत घ्या, तर म्हणे बिलिंग झालंय मॅडम, आणि इन्शुरन्सवाले म्हणे हे नॉन-मेडिकल, आम्ही देत नाही, म्हणजे नको असलेलं बेडपॅन माझ्या पैशानं माझ्याच घरी, आता त्याचं काय करू, कढीपत्ता लावू?

ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धनांना आणि १० टक्के दुर्बल घटकांना, हा बोर्ड लावावा लागतो. लावा. कुंडीमागे. आमच्या पुढच्या मावशींनी त्याबद्दल विचारलं तर काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता ‘कोटा फुल्ल’ सांगितलं, तसं सांगायला माणूस ठेवा.

घरी सोडताना पेशंटच्या हातात तुळशीचं रोप देऊन फोटो काढा. रोप थर्माकोलच्या ग्लासात असावं.

जाऊ दे, मला नाही जमत हा गोडवा. अहो, मदुराईला अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ साली ११ खाटांवर सुरू झालं. हेच ऑपरेशन करतात. हत्यारं झटपट निर्जंतुक करून पुढच्या पेशंटला, गाऊन धुऊन परत वापरात, ड्रॉप्सची एक बाटली अनेकांना. ब्रिटनमध्ये एका मोतीबिंदूमागे जेवढा कार्बन सुटतो त्याच्या साधारण ५ टक्के तिथे सुटतो, आणि म्हणून इन्फेक्शन वाढलंय असंही नाही. निम्म्याहून जास्त पेशंट फुकट नाहीतर अगदी कमी पैशात. लेन्ससुद्धा १९९२ पासून त्यांच्याच कारखान्यात बनतात. तमिळ लोकांचा मोतीबिंदू वेगळा असतो का? आणि आपणही कमी नाही, पाकीट समोर फोडलं की आपल्याला ट्रीटमेंट भारी वाटते, एकानेही विचारलं नाही की हे कशाला. मीही सही करून मोकळी झाले.

पण साहेब, बिलात ‘बायोमेडिकल वेस्ट चार्जेस’ म्हणून ३५० रुपये लावलेत ना? हातमोजे लाल पिशवीत जातात हे तुमच्याच भिंतीवर चित्रासकट लिहिलंय. मग लिफ्टजवळच्या साध्या डब्यात, केळ्याच्या सालीवर, ते हातमोजे कुणाचे होते?