देणगीदारांचा मुद्दा राहून गेला
सामाजिक संस्थांनी आपले काम मोजताना किती जणांपर्यंत पोहोचलो यापेक्षा त्यांच्या आयुष्यात काय बदलले हे पाहावे, हे लेखातील म्हणणे मनापासून पटले. मात्र देणगीदार अहवालात काय मागतात, हा मुद्दा राहून गेला आहे. मी प्रौढ साक्षरता वर्गात शिकवते. तिथल्या एक आजी औषधाच्या पाकिटावरची मुदत आता स्वतः वाचतात, पण तक्त्यात त्यांची नोंद ‘लाभार्थी : १’ एवढीच होते, आणि दोन दिवसांत वर्ग सोडून गेलेल्याचीही तेवढीच. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसला, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणाऱ्या संस्थेला, ‘किती रुग्ण बरे झाले’ हा निकष लावला असता, तर ते काम अपयशीच ठरले असते. आकडे जरूर मागावेत, पण निधी देणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी वर्गात येऊन बसावे.